आंदणाची गादी

माझ्या गादीत ढेकूण निघाले, हे सासूबाईंनी आधी गल्लीला सांगितलं आणि सगळ्यांत शेवटी मला.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. उमरखेडहून आईनं आंदणात दिलेली गादी. दोन हंगाम घरचा निवडक कापूस बाजूला ठेवून तिनं ती भरून घेतली होती. आणि तुळसाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात काडेपेटी घेऊन उभ्या.

“जाळून टाकतो. तुह्या मायनं घाण पाठवली!”

मला काहीही बोला, पण आईचं नाव घेतलं की माझं डोकं फिरतं.

“थांबा आत्याबाई. ढेकूणच हाय का, आधी पाहू तं द्या.”

शिवणीतला एक किडा मी ताटात झटकला. ढेकूण चपटा, गोलसर, बिनपंखाचा. हा निमुळता, करडा, पाठीवर पंख मिटलेले. बोटानं डिवचला तर भुर्रकन उडाला.

“ढेकूण उडते का वो?”

दुसरा पांढऱ्या फडक्यावर चिरडला. घाण वास आला, पण रक्ताचा टिपूस नाही. मग समोरच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या कापसातला मूठभर आणून त्याच ताटात झाडला. तसेच किडे धावत सुटले.

“हे सरकीतले. जागा नाही म्हणून लग्नाच्या दिवशी माही गादी या ढिगाले कोणं टेकवली?”

त्यांनीच टेकवली होती. जन्म कापसात गेलेली बाई ती, सरकीतला किडा तिला माहीत नाही होय? पण सुनेच्या सामानात दिसला, म्हणून ढेकूण झाला.

“असन,” त्या पुटपुटल्या. “पण आता लोकाइले समजलं. ठेवली तं नाव ठेवतीन. जाळावीच लागन.”

मग मात्र माझा तोल गेला. गादी ओढत रस्त्यावर नेली, भर उन्हात अंथरली आणि तिच्यावर ताठ झोपले. बायका जमल्या. नवरा संघदीप धावत आला.

“ऊठ रुपाली, लोक पाहून राह्यले!”

“पाहू द्या. अंगावर काय चढते ते त्याईलेच दिसू द्या.”

शेजारची ममता सासूबाईंकडे वळली. “काहून वो, ढेकूण हायेत म्हणे?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही.

“आमच्याच कापसातले किडे हायेत,” त्या पदरात बोलल्यासारख्या बोलल्या.

“असं नाही, आत्याबाई,” मी पडल्यापडल्याच म्हणाले. “ढेकूण म्हणून सांगितलं ना, त्याच आवाजात सांगा.”