सत्काराचा ओटा

राणीसावरगावच्या अलीकडच्या त्या गावात पंचायत नवी आली, पण सरपंच माणिकराव जुनेच. निजामाच्या राज्यात शेरवानी घालून हुकूम सोडायचे, आता पांढरी टोपी घालून सोडायला लागले. कायद्याला बाई लागते म्हणून त्यांनी धुरपताबाईला पंच केलं. बैठकीत तिनं तोंड उघडलं की म्हणायचे, "वैनी, चहाचं बघा." बघते तुमचं, असं ती मनात म्हणायची.

तालुक्याच्या विकास ब्लॉकच्या साहेबांनी सांगितलं होतं, गावानं दगड आणावेत, सरकार चुना आन गवंडी देईल. वस्तीची विहीर कच्ची. गेल्या पावसाळ्यात काठ ढासळला आन धुरपताबाईची सून मनकर्णा घागरीसकट आत गेली. जीव वाचला, पाय मात्र अधू झाला. म्हणून धुरपताबाईनं बायका जमवल्या आन उन्हाळाभर ओढ्यातून दगड वाहिले. बाप्यांचं श्रमदान म्हणजे सालगडी पाठवायचे आन आपण लिंबाखाली विड्या ओढायच्या. माणिकरावांनी पहिली कुदळ तेवढी मारली, ती बी गळ्यात हार घालून घेऊन.

मृग तोंडावर आला, आन कळलं की साहेब श्रमदानाबद्दल सरपंचाचा सत्कार करायला येणार. मग काय विचारता! साहेबाला मातीत कसं बसवायचं? माणिकरावांनी विहिरीचे सगळे दगड उचलून मारुतीपुढं ओटा रचला. धुरपताबाई भांडायला गेली तर म्हणाले, "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय, वैनी. विहिरीचं पुढच्या साली बघू." म्हणजे पुढच्या साली आणखी कुणाची तरी सून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

सत्काराच्या दिवशी साहेब ओट्यावरून लोकांच्या सहकार्यावर लय गोड बोलले. शेवटी म्हणाले, "आता विहीर दाखवा."

माणिकराव टोपी सारखी करायला लागले. धुरपताबाई उठली.

"लांब कशाला जाता, साहेब. तुमच्या खुर्चीखालीच हाय. विहिरीला आणलेले दगड हायत हे."

तिनं पदर खोचला आन ओट्याच्या कोपऱ्याचा दगड उपसून बरोबर आणलेल्या टोपल्यात टाकला. नुसत्या मातीत रचलेला ओटा, कितीसा टिकणार? बाकीच्या बायकाही आल्या. साहेब शहाणे, आपली खुर्ची उचलून खाली उतरले. माणिकराव बसूनच राहिले.

"उठा भावजी," धुरपताबाई म्हणाली. "पहिली कुदळ तुमची, तर पहिलं टोपलं बी तुमीच उचला."

त्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "चला सरपंच, मीही येतो."

वस्तीच्या वाटेवर बायका लंगड्या मनकर्णाच्या चालीनं सावकाश निघाल्या. सगळ्यांच्या पुढं माणिकराव, गळ्यात हार आन डोक्यावर टोपलं.