हो म्हणणारं चाक

मी एक जुनी रोलर स्की आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी बसवत नाही. भिंतीला टेकवून उभं केलं की मी हळूहळू घसरत खाली येते. आडवं ठेवलं तर कुणी दार उघडलं तरी माझं पुढचं चाक फिरायला लागतं. म्हणून आता मला खुंटीला दोरीने बांधून ठेवतात, आणि ही हकिगत मी लटकल्या लटकल्या सांगते आहे. मध्येच घाई केल्यासारखी वाटली तर समजून घ्या.

खरं तर ‘आम्ही’ म्हणायला हवं. मी उजव्या पायाची, माझी बहीण डाव्या पायाची. ती बोलत नाही, म्हणून दोघींच्या वाटचं मीच बोलते. तिच्या न बोलण्याने पुढे मला किती छळलं, ते येईलच.

स्की म्हणजे पायाला बांधून बर्फावरून घसरत जायची लांब पट्टी. पण बर्फ वर्षभर नसतो आणि सराव मात्र बर्फ पडण्याआधी करावा लागतो. म्हणून कुणीतरी आम्हाला जन्माला घातलं. अॅल्युमिनियमची पट्टी, पुढे एक रबरी चाक, मागे एक, आणि मध्ये बुटाचा चवडा अडकवायची पकड. डांबरी रस्त्यावर आम्ही बर्फाची तालीम करून घेतो. ज्या दिवसासाठी हे सगळं चालतं, तो दिवस उजाडला की आम्हाला कपाटात ठेवतात. मी आजवर बर्फ पाहिलेला नाही. लग्नाची सगळी तयारी करायची आणि पंगतीला बोलावणं नाही, असं आमचं आहे.

माझ्या मागच्या चाकाच्या पोटात एक छोटं यंत्र आहे. त्याला रॅचेट म्हणतात. त्याच्यामुळे ते चाक पुढे फिरतं, मागे फिरत नाही. स्कीवर चालायचं म्हणजे एक पाय दाबून मागे रेटायचा आणि दुसऱ्यावर पुढे घसरायचं. रेटताना चाकच मागे पळालं तर माणूस जागच्या जागी पाय घासत बसेल. रॅचेट ते होऊ देत नाही. तुम्ही वेळेवर रेटा, उशिरा रेटा, सरळ रेटा, वाकडं रेटा, माझं चाक म्हणतं, ‘हो, बरोबर.’ या गुणाचा मला फार अभिमान होता.

आमचे मालक एका शाळेचे मुख्याध्यापक. शाळेत त्यांना सगळे हेडसर म्हणत, आणि त्यांनी काहीही म्हटलं तरी सगळे ‘वा सर’ म्हणत. शाळेमागे एक टेकडी होती आणि शाळेचं एक स्की पथक होतं. पथक शिकवणारे मास्तर नोकरी सोडून गेले, तेव्हा शाळेच्या समितीने ठरवलं की पथक बंद करावं आणि त्याच्या खोलीत झेरॉक्सचं मोठं मशीन ठेवावं. हेडसर बैठकीत ताडकन उठले आणि म्हणाले, “पथक मी चालवीन.”

समितीच्या अध्यक्षबाई शांत स्वभावाच्या होत्या. शांत माणसांची फार भीती बाळगावी. त्या म्हणाल्या, “चालवा की. पहिला बर्फ पडला की मुलांबरोबर टेकडी चढून दाखवा. चढलात तर पथक राहील. नाही चढलात तर खोली मशीनला.”

हेडसरांनी लहानपणानंतर स्कीवर पाय ठेवला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शाळेसमोर ही गोष्ट जाहीर करून टाकली. पथकातली मुलं इतका वेळ टाळ्या वाजवत राहिली, की आता माघार घ्यायची वाट उरली नाही.

त्याच संध्याकाळी ते दुकानात आले. बरोबर त्यांची थोरली बहीण, ताई. ताई तरुणपणी स्कीच्या शर्यती गाजवलेल्या आणि आता दातांच्या डॉक्टर. माणसाला आ करायला लावून नको ते सांगायचं, हा त्यांचा रोजचा धंदा.

हेडसर थेट आखूड, बारीक चाकांच्या चकचकीत स्कींकडे गेले. “ही घेऊ. हलकी आहे, पळेलही छान.”

“ती दुसऱ्या चालीची आहे, पिंट्या,” ताई म्हणाल्या. “पाय बाहेर फेकत जायच्या चालीची. पथक शिकतं ती जुनी चाल, दोन समांतर रेघांत जायची. तिला लांब पट्टी लागते, रुंद चाक लागतं आणि रॅचेट लागतं.”

“दुकानात पिंट्या म्हणू नकोस.”

दुकानदाराने ऐकलं नाही असं दाखवलं आणि आम्हाला काउंटरवर ठेवलं. “लांबच घ्या, सर. त्यात जलद चाकांची जोडी आहे. तुमच्यासारख्यांना जलदच शोभेल.”

ताईंनी एका जोडीचं चाक बोटाने फिरवलं. ते फिरतच राहिलं. मग माझं फिरवलं. मी दोन गिरक्या घेतल्या आणि थांबले. मला वाटलं, गेली संधी.

“ही द्या,” ताई म्हणाल्या.

“अगं, ही तर अडते.”

“बर्फही अडतो. जलद चाकावर तू नुसता वाहत जाशील, आणि हिला ब्रेक नसतो. हळू चाक घे, घाम तरी निघेल.”

मग दोन्ही हातांनी जमीन रेटायच्या काठ्या. दुकानदार हेडसरांच्या ओठांपर्यंत येणाऱ्या काठ्या दाखवत होता. ताईंनी जुन्या चालीला लागतात तशा खांद्यापर्यंतच्या निवडल्या आणि टोकं बदलून घेतली, कारण बर्फाची टोकं डांबरावर नुसती निसटतात. हेल्मेट हेडसरांना नको होतं. ताई म्हणाल्या, “दात पडले तर माझ्याकडे येऊ नकोस,” आणि हेल्मेट आलं.

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर आमची मांडामांड झाली. हेडसर ड्रिल घेऊन सज्जच होते. ताईंनी ड्रिल काढून घेतलं, मला एका बोटावर आडवं तोललं आणि जिथे मी डोलायची थांबले तिथे पेन्सिलीने खूण केली. त्या खुणेवरून बुटाच्या पकडीची जागा ठरली. पाय उचलल्यावर पुढचं टोक किंचित जड राहिलं पाहिजे. शेपूट जड झालं तर दर पावलाला मागचं चाक रस्त्यावर खरडत जातं. मग बूट आले. बुटांशी आमची दोस्ती झाली ती कायमची, कारण बूट दोन्ही घरचे. आमच्या पकडीत बसतात आणि बर्फाच्या स्कीतही. तिकडच्या बातम्या आम्हाला बुटांकडूनच कळतात.

आठवडाभर हेडसर मैदानातल्या गवतावर पडले. गवतावर पडणं म्हणजे शिकणं, असं ते स्वतःच मुलांना सांगत. मग आम्ही शाळेमागच्या रिकाम्या रस्त्यावर उतरलो, आणि काय सांगू, मला जणू श्वास आला. सपाट रस्ता, मग थोडा चढ, मग मोठा चढ. हेडसर रेटत, मी धरत असे. पथकातली मुलं मागून येत, आणि शाळेच्या खिडकीतून सगळा शिक्षकवर्ग बघत असे. “काय चाल आहे, सर,” चित्रकलेचे मास्तर म्हणत. “जन्मजात आहे,” हेडक्लार्क म्हणत. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, आणि हेडसरांची खुर्ची उन्हात तापू नये म्हणून ते दुपारी ती हलवून ठेवत.

रविवारी ताई सायकलवरून बाजूने येत. त्या एवढंच म्हणत, “उशिरा रेटतोस.”

“म्हणजे?”

“पाय अंगाखाली असताना दाबायचा. तू तो मागे गेल्यावर लाथ मारतोस.”

“पण चढतोय ना मी?”

“चाक चढतंय, पिंट्या. तू त्याच्यावर उभा आहेस.”

हेडसरांनी ते मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नाही. माणूस टेकडी चढत होता, खिडकीत टाळ्या पडत होत्या, आणि माझं चाक प्रत्येक पावलाला हो म्हणत होतं. यात कुणाचं काय बिघडलं होतं?

एके दिवशी भाऊसाहेबांना वाटलं, सरांच्या स्कीची आपणही सेवा करावी. मधल्या सुट्टीत ते तेलाची बाटली घेऊन शाळेतल्या आमच्या कपाटापाशी आले. त्यांनी माझ्या बहिणीचं मागचं चाक उघडलं आणि रॅचेटच्या पोटात मनापासून तेल ओतलं. माझ्याकडे वळणार तेवढ्यात घंटा झाली. रॅचेटला असं न्हाऊ घालायचं नसतं, मित्रांनो. आतली पकडच निसरडी होते.

संध्याकाळी मोठ्या चढावर, सगळी शाळा बघत असताना, हेडसरांनी डावा पाय नेहमीसारखा उशिरा रेटला. माझ्या बहिणीचं चाक मागे पळालं. हेडसर पालथे पडले.

खिडकीतले सगळे धावत खाली आले. मग चित्रकलेचे मास्तर म्हणाले, “रस्ताच खराब आहे.” भाऊसाहेब म्हणाले, “डांबर हलकं वापरलंय. तक्रार करायला हवी.” हेडसर उठले, गुडघे झटकले, दुसरा प्रयत्न केला आणि पुन्हा पडले. मी रागाने थरथरत होते. बहिणीला म्हटलं, “अगं, धर की.” ती नेहमीसारखी गप्प.

त्या रात्री स्वयंपाकघरात ताईंनी तिचं चाक उघडलं, बोट फिरवून वास घेतला आणि हसत सुटल्या.

“हसतेस काय? बर्फ कधीही पडेल. उद्याच्या उद्या नवं चाक आणतो.”

“आणू नकोस. हे आता बर्फासारखं झालंय. अंगाखाली दाबलंस तर धरतं. मागे लाथ मारलीस तर सोडतं.”

“म्हणजे हे बिघडलेलं चाक बरोबर, आणि चांगलं चाक चूक?”

“चांगलं चाक तुझ्या शाळेसारखं आहे,” ताई म्हणाल्या. “त्याच्या भरवशावर त्या बाईंसमोर टेकडी चढायला गेलास तर पहिल्या वळणावर बसशील. आणि खोली जाईल मुलांची. तुझी नाही.”

हेडसर खुर्चीवर बसले. त्यांचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. मग त्यांनी मला उचललं. मला वाटलं, आता माझं कौतुक होणार.

“हे तेल भाऊसाहेबांचंच. त्यांना सांगतो,” ते म्हणाले. “उजव्या पायालाही घाला म्हणून.”

माझा आयुष्यातला एकुलता एक गुण अशा रीतीने तेलात बुडाला.

त्यानंतरच्या संध्याकाळी आठवल्या की अजून माझी चाकं अस्वस्थ होतात. हेडसर रोज चढावर येत, घसरत आणि पुन्हा सुरू करत. खिडकीतली गर्दी कमी झाली, कारण कौतुक करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वर ढग रोज थोडे खाली येत होते. बर्फ आधी येतो की अक्कल, अशी ती शर्यत होती. एकदा असेच ते घसरले आणि मागून एक बारीक आवाज आला, “उशिरा, सर.”

हेडसर वळले. “कोण म्हणालं?”

मुलं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

“शिक्षा नाही करत. उद्यापासून दर वेळी म्हणा. मोठ्याने.”

दुसऱ्या दिवसापासून सगळं पथक मागून ओरडू लागलं. उशिरा, सर. उशिरा, सर. वाकलात, सर. हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं, पण खरं होतं. हळूहळू ओरडणं विरळ होत गेलं. एका संध्याकाळी आम्ही मोठ्या चढाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा मागे नुसता चाकांचा आवाज होता. मला पहिल्यांदाच कळलं की पूर्ण वजन अंगावर आलं की निसरड्या रॅचेटनेही मला धरता येतं.

मग बर्फ पडला आणि आम्हाला कपाटात ठेवलं. बाहेर मुलांचा गलका दूर दूर गेला आणि सगळं शांत झालं. मी बहिणीला दहा वेळा विचारलं, काय झालं असेल? ती एकदाही बोलली नाही.

बूट आले ते ओलेगच्च. धापा टाकत त्यांनी सांगितलं, की हेडसर अर्ध्या चढावर एकदा घसरले. खालून भाऊसाहेब ओरडले, “बर्फच खराब आहे, सर.” हेडसर वरूनच म्हणाले, “बर्फ चांगला आहे, भाऊसाहेब. मी उशीर केला.” मग ते चढले, पण सगळ्या मुलांच्या मागून, सर्वांत शेवटी. अध्यक्षबाई माथ्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “पुढारी मागे कसा?”

“मागून कोण कुठे घसरतंय ते दिसतं,” हेडसर म्हणाले. “आणि पुढे गेलेल्यांना मला ‘उशिरा, सर’ म्हणून ओरडता येत नाही.”

अध्यक्षबाई कधी नव्हे त्या हसल्या, असं बूट सांगतात. बूट थोडं वाढवून सांगतात, पण खोली मुलांकडे राहिली एवढं नक्की. झेरॉक्सचं मशीन हेडसरांच्या ऑफिसात आलं. ते अजून तिथे खडखडतं, आणि सही घ्यायला आलेल्या माणसाला त्याला वळसा घालून जावं लागतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हेडसर निवृत्त झाले, तरी पहिल्या थंडीत पथकाच्या खोलीत येतातच. नव्या स्की आल्या आहेत, घट्ट धरणाऱ्या, आणि मुलं त्यांच्यासाठी भांडतात. आम्हा दोघींना कुणी हात लावत नाही. पण एखादा मुलगा किंवा मुलगी छाती काढून म्हणते, “मला जमलं,” तेव्हा हेडसर उठतात, माझी दोरी सोडतात आणि म्हणतात, “छान. आता जरा या घालून ये.”

तेवढ्यासाठी मी इथे लटकून वाट बघते, मित्रांनो. आमची काळजी घ्या. चाकं एकाच बाजूने झिजू लागली की डावी-उजवी बदला, पकडीचे स्क्रू तपासा, धूळ पुसा, ओलं ठेवू नका. नव्या स्कींच्या रॅचेटला चुकूनही तेल घालू नका. आमचं मात्र आहे तसंच राहू द्या. आणि दोरी जरा सैल बांधा. बाहेर रस्ता कोरडा आहे, आणि खोलीत आत्ताच कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “मला येतं.”