राणी घेतली, कव्हर बाकी

"मनगट मोडल्यावरही तुम्ही खेळत राहिलात?" डॉक्टर संघमित्राने एक्स-रेवरची नजर वर केली.

"राणी घेतलेली ना! कव्हर बाकी होतं." राजारामने असं सांगितलं, की यापुढे कुणी काही विचारूच नये.

शेजारी बसलेल्या मीराने कपाळावर हात मारून घेतला. लालबागच्या चाळीत ऐन डावात कॅरमवरचा गेलेला बल्ब बदलताना तिचा नवरा स्टुलावरून तळहातावर आपटला, आणि सुजत चाललेल्या हाताने राणीमागची सोंगटी घालून मगच "आई गं" म्हणाला. असा माणूस!

"मनगटात आठ छोटी हाडं असतात, काका. तुमचं मधलं निसटलंय, शेजारचं मोडलंय. दोन्ही एकदम, हे क्वचितच बघायला मिळतं. ऑपरेशन करून जागेवर बसवू, तारा घालू, मग प्लास्टर."

"पण स्ट्रायकर मारता येईल ना?"

डॉक्टर परळच्या चाळीत वाढलेली, तिला प्रश्नाचं वजन कळलं. "हात चालेल, काका. पण पूर्वीइतका वळेल असं नाही सांगत."

माघी गणपतीतली चाळीची डबल्स राजारामने कधी चुकवली नव्हती.

ऑपरेशन छान झालं, पण प्लास्टरातला हात घेऊन तो बोर्डासमोर नुसता कुढत बसायचा. शेवटी मीराच वैतागली.

"सांगा कुठे मारायचं ते. मी मारते."

पहिलाच स्ट्रायकर उडून थेट डाळीच्या पातेल्यात पडला. राजाराम इतका हसला, की शेजारपाजारचे दारात जमा झाले. मग रोजच सुरू झालं. "डावीकडे जरा. हळू! अगो हळू, भाकरी थापतेस काय?"

एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही गप बसा हो जरा," आणि मागच्या कडेला स्ट्रायकर आपटून काळी सोंगटी अशी काही घातली, की राजारामचा आ वासलेलाच राहिला. जन्मभर चहा आणून द्यायच्या निमित्ताने ही बाई वरून सगळा खेळ बघत आली होती.

प्लास्टर निघालं, तारा निघाल्या. व्यायाम करून करून हात सरळ मारण्यापुरता सुटला. मनगट वळवून मागे मारायचा त्याचा खास शॉट मात्र गेला तो गेलाच. त्याला फार वाईट वाटलं. तरी माघीच्या डबल्समध्ये त्याने नाव दिलं, समोर मीराला बसवून.

फायनलला शेवटच्या बोर्डात मीराने राणी घेतली. कव्हरची सोंगटी तिच्याच रेषेमागे, अगदी अडचणीत. तिने समोर पाहिलं. पार्टनरशी बोलायचं नाही, हा नियम. राजारामने ओठ घट्ट दाबून धरले. मनगट वळवून मागे मारायचा तोच शॉट होता तो.

मीराने पदर खोचला, मनगट वळवलं आणि मारला.

चाळ दणाणून गेली. राजाराम दोन्ही हातांनी टाळ्या पिटायला लागला. मनगटातून सणसणीत कळ आली, पण तो वाजवतच राहिला.