एकोणतीसचा आकडा

"डॉक्टर, तुम्ही अख्ख्या गावातल्या पोरांचं रक्त तपासता. स्वतःच्या मुलीचं कधी तपासलंत का हो?"

प्रश्न विचारला तोफेने. तोफ हे काही हजेरीपटावरचं नाव नव्हे. ते बाबांनी ठेवलेलं, कारण ही मुलगी आधी उडते आणि मग नेम धरते. मागच्या बाकावरच्या तिघींनी पैज लावली होती, "विचारलंस तर तू खरी, नाहीतर फुसका बार!" आणि फुसका बार म्हणवून घेण्यापेक्षा तोफेला काहीही चाललं असतं.

फक्त एकच भानगड होती. शाळेच्या सभागृहातल्या रक्ततपासणी शिबिरात, पालकांनी गच्च भरलेल्या खुर्च्यांसमोर, व्यासपीठावर उभी असलेली डॉक्टर म्हणजे तोफेची सख्खी आई.

आई शहराची आरोग्य अधिकारी. टेकडीच्या खाली तीन गल्ल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एक मोठी शेड. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचे. त्या गल्ल्यांतली मुलं वर्षभर पोटात दुखतं म्हणून रडत होती, पांढरीफटक पडत होती, काल पाठ केलेलं आज विसरत होती. इतर डॉक्टरांनी जंताच्या गोळ्या दिल्या, टॉनिकं दिली. आईने मात्र सगळे केसपेपर एकत्र केले, पत्ते पाहिले, आणि दवाखान्याची खुर्ची सोडून सरळ गल्लीत जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मुलाला काय होतंय ते नंतर विचारा. आधी त्याचं बोट दिवसभर कुठं कुठं जातं ते बघा."

बोट जात होतं धुळीत. खिडकीच्या कठड्यावर, उंबऱ्यावर, जमिनीवर आणि तिथून तोंडात.

तेव्हापासून घरातल्या जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा अंथरलेला. तो काढला बाबांनी. ते नगररचना कार्यालयात नकाशेच काढतात. ज्या मुलाच्या रक्तात शिसं जास्त, त्याच्या घरावर लाल ठिपका. कमी, तर निळा. दोन महिने सगळं घर मांडीवर ताट घेऊन जेवत होतं.

"आई, भाजी दे ना."

"हं, थांब, हा ठिपका सुकू दे."

तेही चाललं असतं. पण मुंगी?

मुंगी म्हणजे तोफेच्याच वर्गातली, मधल्या गल्लीतली, एवढीशी, सतत कामात. कुठलं पोर कुठल्या भिंतीला हात लावतं, कोण माती खातं, कोण शेडच्या पत्र्याला टेकून खेळतं, हे सगळं तिने वहीत लिहून आणलं होतं. तिची धाकटी बहीण अजून रांगायची. त्या छोटीच्या मागे मुंगी आठ दिवस रांगली आणि तिचा हात कुठे कुठे पडतो ते वेळेसकट टिपून आईच्या हातात ठेवलं.

"बघ, याला म्हणतात डोकं!" आई त्या दिवशी घरी येऊन म्हणाली. तोफेकडे बघून म्हणाली, हे विशेष.

मुंगीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा बावीस, छोटीचा एकेचाळीस; पाचच्या वर गेला की काळजी. आईला झोपेतून उठवून विचारलं तरी तिने सांगितलं असतं. आणि त्याच आईने परवा विचारलं, "तू 'ब' तुकडीत ना गं?" तोफ तीन वर्षं 'अ' तुकडीत होती. घार हिंडते आकाशी, चित्त तिचं पिलापाशी, असं म्हणतात. तोफेच्या घरची घारही हिंडत होती. चित्त मात्र परक्या घरट्यात. तोफेच्या अंगाचा रोज तिळपापड व्हायचा आणि रोज ती तो गिळायची.

तर तो प्रश्न पैजेचा होता, पण दारूगोळा जुना होता.

आई माइकपासून थोडी मागे सरली.

"नाही," ती म्हणाली. "नाही तपासलं."

"घ्या! दिव्याखाली अंधार!" पहिल्या रांगेत शेडच्या मालकाशेजारी बसलेला गवंडी ओरडला आणि सगळे हसले. तासभर हीच मंडळी हाताची घडी घालून बसली होती. आमच्या पोरांना सुया टोचायच्या नाहीत, म्हणजे नाहीत. आता खुर्च्या सैल झाल्या.

आईही हसली. व्यासपीठावरून उतरली. "बरोबर बोलली पोरगी. आधी माझी, मग तुमची. चल गं, हात धू." आणि खरंच, बायामाणसं उठून पोरांना पुढे ढकलू लागली. बघता बघता रांग दारापर्यंत गेली.

तोफेला वाटलं होतं आई ओशाळेल, चिडेल, घरी गेल्यावर बोलेल. झालं भलतंच: तोफेने डागलेल्या गोळ्यावर आईने शिबिर उरकून घेतलं!

हात धुवायच्या बेसिनपाशी कोण असावं? मुंगी. हातात नखांचा ब्रश.

"साबण दोनदा. नखांच्या आत. आता हात वर धर, कशालाही लावू नकोस. धूळ राहिली तर रक्ताऐवजी धूळच मोजली जाते."

"मला शिकवू नकोस."

"मी सगळ्यांनाच शिकवते," मुंगी म्हणाली, आणि पुढच्या पोराचा हात धरला.

बेसिनपासून आईच्या टेबलापर्यंत सहा पावलं. वाटेत दुसरं छोटं टेबल, त्यावर काचेची बशी. बशीत शेडसमोरच्या खिडक्यांवरून गोळा केलेली धूळ, पालकांना दाखवायला आणलेली. राखाडी, मऊ, चाळलेल्या पिठासारखी. तोफ हात वर धरून निघाली, पकडलेल्या चोरासारखी, आणि तेवढ्यात आई कुणाला तरी म्हणाली,

"हिचं काय! हिचा आकडा दोन-तीनच्या वर जायचा नाही. आम्ही टेकडीवर राहतो."

हिचं काय.

आणि लगेच रांगेच्या डोक्यांवरून आईने हाक मारली, "मुंगे, छोटीचा कालचा आकडा?"

"छत्तीस!"

"पाच उतरला? शाब्बास गं माझी बाई!"

माझी बाई! हे तोफेचं होतं. तोफ लहानपणी पहिल्यांदा सायकलवरून न पडता घरी आली, तेव्हा तिला मिळालेलं. ते कुणी कुणाला असं भर सभेत वाटून टाकतं का?

तोफेचं बोट बशीत गेलं. आधी उडाली, मग नेम धरला, नेहमीसारखंच. उजव्या हाताचं मधलं बोट, नखापर्यंत. मग तिने ते फ्रॉकवर जरा पुसलं आणि जाऊन आईसमोर बसली, तेच बोट पुढे करून.

आईने तिचा हात हातात घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि किती वेळ! स्पिरिटचा बोळा फिरवताना आई मागच्या बाईंच्या शंकेला उत्तर देत होती. टोचलं. थेंब आला. यंत्राने तीन मिनिटं विचार केला.

एकोणतीस.

आईने यंत्र हलवलं. पुन्हा पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला, आणि खरं सांगायचं तर तोफेला आतून एक मोठ्ठं, दुष्ट, गोड सुख झालं. मुंगी बावीस, मी एकोणतीस!

पुढचे तीन दिवस म्हणजे चैन. आईने लगेच शिरेतून रक्त काढून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. ते जास्त खात्रीचं, पण निकालाला आठ दिवस. तोवर आई दुपारीच घरी! तिने खिडक्या पुसल्या, तपासायला नळाचं पाणी बाटलीत भरलं, भिंतींचा जुना रंग खरवडून पुड्या बांधल्या. मध्येच येऊन तोफेचे केस विंचरायची. "पोटात दुखतं का? डोकं जड वाटतं? अ तुकडीला गणित कोण शिकवतं तुमच्या?" अ तुकडी! तोफ उशीला टेकून राणीसारखी उत्तरं देत होती. जास्तच विचारलं की कण्हायचीसुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी मात्र टेबलाकडून आवाज आला.

"उद्या नगरपालिकेत मी शेड बंद करायचा प्रस्ताव मागे घेणार आहे," आई बाबांना सांगत होती. "पुढच्या बैठकीपर्यंत."

"म्हणजे महिनाभर? एका ठिपक्यासाठी?"

नकाशावर टेकडीचा भाग सगळा निळा होता. त्यात एक लाल ठिपका, यांच्याच छपरावर.

"एकच असू दे. माझं सगळं म्हणणं काय, तर शिसं शेडमधून येतं आणि गल्ल्यांपुरतं आहे. मग हे टेकडीवर कुठून आलं? हा आकडा खरा असेल तर माझा नकाशा चुकलाय."

"तू तो ठिपका बाजूला ठेव ना. निकाल येईपर्यंत."

"दुसऱ्या कुणाच्या मुलीचा असता तर ठेवला असता का मी? मग माझीचा कसा ठेवू? शेडवाला विचारेल, आणि विचारायलाच हवं."

बाबांनी पेन्सिल कानामागे खोचली. तोफेने दप्तर उचललं आणि नाश्ता न करता सटकली.

मधल्या सुट्टीत मुंगी समोर येऊन उभी राहिली.

"मॅडमनी मला फोन केला होता. शेड उद्या बंद होणार नाही."

म्हणजे फोनही आधी हिलाच! अशा वेळीसुद्धा तोफेला ते झोंबलंच.

"मग मी काय करू?"

"मी पाहिलं होतं," मुंगी म्हणाली. "तुझं बोट. बशीत."

तोफेची तोफ बंद पडली.

"मग... सांगितलं का नाहीस?"

"तुझी आई आहे. तू सांगशील म्हटलं. रोज वाटायचं, आज सांगेल." मुंगीने नाक पुसलं. "माझी आई त्या शेडमध्येच कामाला जाते. येते आणि त्याच कपड्यांनी छोटीला कडेवर घेते. मी ओरडते, कपडे बदल, हात धू. ती म्हणते, पोर रडतंय, आधी घेऊ दे. आणि तुला ठाऊक आहे मला काय वाटलं? मला वाटलं, बघा हिची आई. हिच्यासाठी सगळं गाव थांबवलं. माझ्यासाठी कुणी थांबवलं असतं का?"

"तू माझ्यावर जळतेस?" तोफेला खरंच आश्चर्य वाटलं.

"मग? तूच एकटी जळू शकतेस काय?" मुंगी म्हणाली. "हवा ना तुला मोठा आकडा? माझा बावीस घे. फुकट देते. छोटीचा छत्तीसही घे. घेऊन जा घरी."

आणि ती निघून गेली, वर्गाकडे, भराभरा.

तोफ शाळा सुटेपर्यंत एका शब्दाने बोलली नाही. मागच्या बाकावरच्या तिघींनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

संध्याकाळी पाच वाजता आई-बाबा दोघेही टेबलापाशी होते. आई प्रस्ताव मागे घ्यायचं पत्र लिहीत होती. तोफेने दप्तरही खाली ठेवलं नाही.

"आई, मी बोट बशीत घातलं होतं. धुतल्यावर. मुद्दाम."

बाबांच्या हातातली पट्टी घसरून पडली. आईने पेन ठेवलं. तोफ वाट बघत होती फटाके फुटायची.

"किती वेळ?" आई म्हणाली. "नंतर ते बोट तोंडात घातलंस? डोळ्याला लावलंस?"

"नाही."

"नक्की? खाण्याआधी हात धुतले होतेस?"

"हो गं, आई! मी काय सांगतेय आणि तू काय विचारतेयस!"

"जे आधी विचारायचं ते विचारतेय." मग आईने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते ओले होते आणि रागावलेलेही. "का केलंस?"

"तू म्हणालीस, हिचं काय. आणि तिला म्हणालीस, माझी बाई."

बाबांनी खाली वाकून पट्टी शोधायला उगाचच फार वेळ लावला.

"ठीक आहे," आई शेवटी म्हणाली. पत्र फाडलं. "प्रस्ताव उद्या येईल. विचारलं तर सांगेन, तो एक नमुना घेताना माझ्याकडून चूक झाली. मी बोलत होते, हाताकडे बघायला हवं होतं, बघितलं नाही. खोटं नाही ते. तुझं नाव कुठेही येणार नाही."

तोफेला मिठीच मारावीशी वाटली. सुटले! आणि पुढच्याच क्षणाला तिच्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेतला तो गवंडी आला, आणि त्याच्या शेजारी बसलेला शेडवाला.

"नाही जमणार," ती म्हणाली.

"काय नाही जमणार?"

"तू म्हणालीस की डॉक्टरकडून चूक झाली, तर शेडवाला म्हणेल, एका नमुन्यात झाली मग बाकीच्या एकशे चाळीसात कशावरून नाही? मुंगीने घासून घासून धुतलेले हात, ते सगळे फुकट. कसं बिघडलं ते सांगितलंच पाहिजे. आणि कुणी बिघडवलं तेही."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस, मुद्दा तिचा बरोबर आहे."

"सगळं शहर तिथे असेल," आई हळूच म्हणाली. "हसतील तुला. तुझ्या मैत्रिणीसुद्धा."

"हसू देत." तोफेचा आवाज एकदम ठणठणीत निघाला, तिचं तिलाच नवल वाटावं इतका. "आई, बाबा, माझं ठरलंय, आता मध्ये कुणी बोलायचं नाही. उद्या अकरा वाजता मी शाळेत जाणार नाही, तुझ्याबरोबर नगरपालिकेत येणार. उभी राहून सांगणार की बोट मी घातलं, का घातलं, आणि कुठल्या खिडकीवरच्या धुळीत घातलं. मुंगीलाही बोलावणार, कारण तिने पाहिलंय. ती माझ्यापेक्षा चांगलं बोलली आणि तू तिला परत शाब्बास म्हणालीस तर मला राग येणार आहे, खूप येणार आहे. येऊ दे. तरीही मी तिच्या शेजारीच उभी राहणार."