समुद्राच्या वाट्याचा नारळ

विमलाने निरांजनातली वात पुढे ओढली आणि तुपाचा हात तसाच अधांतरी धरून म्हणाली,

"हं, वाचा."

राजाराम थांबला. इमारतीवरून विमान उतरत होतं, आणि ते जाईपर्यंत मरोळच्या त्या घरात कुणी बोलत नसे. भांडण चालू असलं तरी तेवढ्यापुरतं थांबायचं. आवाज सरला तसा त्याने मोबाइल गुडघ्यावर नीट टेकवला आणि इंग्रजी ओळीखाली तर्जनी ठेवली. कारखान्यात नकाशावरची मापं वाचताना जडलेली सवय. निवृत्त होऊनही सुटली नव्हती.

"पश्चिम-मध्य अरबी समुद्र," बोट सरकवत तो मराठीत सांगू लागला. "वारा नैऋत्येचा, पंचवीस नॉट. लाटा तीन मीटर. समुद्र खवळलेला."

विमलाने देवापुढे डोकं टेकवलं. उठता उठता म्हणाली, "म्हणजे आज नारळ नाही."

"अगो, काळ्या वाटाण्याची आमटी नारळाशिवाय? काळं पाणी नुसतं!"

"तुमची पोर काळं पाणीच ओलांडतेय. तुम्हाला आमटी प्यायला काय होतं?"

पोर म्हणजे श्रुतिका. मालवाहू जहाजावर अधिकारी होऊन तिची ही दुसरी सफर. कोलंबोहून निघालेलं जहाज ओमानच्या सलालाह बंदराकडे चाललं होतं, भर पावसाळी वाऱ्यातून. समुद्राच्या हवामानाचं पत्रक मोबाइलवर कुठे बघायचं, त्यातली आपली ओळ कुठली, हे जाण्याआधी तिनेच बापाला शिकवलं होतं.

पहिल्या सफरीत विमलाने निर्जळी उपास धरले होते. पत्रकात खवळलेला समुद्र आला की पाण्याचा थेंब नाही. आधीच साखरेचं दुखणं. एक दिवस पिठाची पिशवी घेऊन जिना चढताना ती कोसळली, आणि राजाराम अनवाणी रिक्षा शोधत धावला होता. नंतर श्रुतिकाने फोनवर आईला चांगलंच झापलं, शपथ घातली. तेव्हा उपास सुटले. पण काहीच न सोडता देवापुढे बसणं विमलाला जमेना. शेवटी तिने नारळावर आणलं. खवळलेल्या दिवशी नारळ खायचा नाही.

"नारळ समुद्राचा," ती म्हणाली होती. "तो रागात असताना त्याच्या वाट्याचं आपण कसं खायचं?"

राजाराम कुरकुरत असे. पण नारळावर भागतंय म्हणून मनातून निर्धास्त होता. आकडे वाढले तर ती नारळावर थांबणार नाही, एवढीच धास्ती.

आणि आकडे वाढले. त्या सकाळी वारा चाळीस नॉट, लाटा पाच मीटर. पत्रकाच्या आधी श्रुतिकाचा निरोप येऊन पडलेला: बाबा, रात्री बिछान्याला पट्टा बांधून झोपतो आम्ही. मी ठीक आहे. आईला सांगू नका.

विमला पाठमोरी बसून चंदन उगाळत होती. तिच्या हातातल्या बांगड्या आता पार कोपरापर्यंत घसरायच्या. राजारामने पडद्यावरचं बोट उचललं, कान खाजवला.

"लाटा दीड मीटर," तो म्हणाला. "समुद्र शांत."

चंदन उगाळणं क्षणभर थांबलं, विमलाने मान किंचित वळवली.

"बरं झालं," विमला म्हणाली. "मग नारळ फोडा."

आमटीला कितीतरी दिवसांनी भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लागलं. राजाराम दोनदा भात घेऊन जेवला.

"तू नाही बसत?"

"जप राहिलाय. तुमचं होऊ दे, मी बसते मागाहून."

मग रोज तसंच होऊ लागलं. पत्रकातले आकडे खाली येत नव्हते आणि राजारामच्या तोंडातले वर जात नव्हते. खोटं बोलताना तो देव्हाऱ्याकडे बघायचं टाळी, आणि नंतर हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राही. पण विमलाचा चेहरा निवांत दिसे, म्हणून त्याला हळूहळू धीर चढला. एकदा तर तो म्हणाला,

"आज डॉल्फिन दिसतील म्हणतायत."

"पत्रकात डॉल्फिनपण असतात?"

"असतात कधी कधी."

"बघा हो, पोरीची मज्जा," विमला म्हणाली आणि नारळ त्याच्या हातात दिला.

ओट्यावर एक छोटं पातेलं रोज दिसे, तळाशी साध्या वरणाचा पिवळा ओघळ. नैवेद्याचं असेल असं समजून तो ते विसळून पालथं घाली.

श्रावण अर्धा सरला. एका सकाळी राजारामने पत्रक उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वारा पंधरा नॉट. लाटा दीड मीटर. श्रुतिकाचा निरोपही होता: सलालाहचे दिवे दिसले. काल पट्ट्याशिवाय झोपले. झकास!

त्याने घसा साफ केला, ओळ पकडली आणि शब्द न् शब्द वाचला.

"वारा पंधरा नॉट. लाटा दीड मीटर. समुद्र शांत."

विमला वळून बसली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. मोबाइल धरलेल्या हातांकडे बघत होती.

"आणि डॉल्फिन?"

"आज... आज काही लिहिलेलं नाही तसं."

"बरं," ती म्हणाली. आज तिने नारळ स्वतःच फोडला. पहिली कवड खोवताना ती काहीतरी गुणगुणत होती.

दुपारी राजाराम पानावर बसला तर शेजारी दुसरं ताट मांडलेलं. विमला येऊन बसली. आधी त्याला वाढलं, मग त्याच पातेल्यातली आमटी स्वतःच्या भातावर ओतली, भात बुडेपर्यंत. पहिला घास घेताना तिने डोळे मिटले.

"जप?" राजारामने विचारलं.

"झाला."

त्याने ओट्याकडे बघितलं. छोटं पातेलं पालथंच होतं, सकाळपासून कोरडं. घास त्याच्या हातात राहिला.

"तुला ठाऊक होतं गो? रोज?"

विमला बोटं चाटत होती. "आज ओळीखाली बोट होतं तुमचं."

"मग रोज नारळ कशाला फोडायला लावलास?"

तिने पळी आमटीत बुडवली. "एवढं मन लावून समुद्र शांत करत होतात. म्हटलं, करू दे."

राजारामने काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून विमान आलं. दोघं आपापल्या ताटाकडे बघत थांबली. खिडकीची काच थरथरली, पेल्यातलं पाणी जरासं हललं आणि पुन्हा निवलं.

आवाज गेल्यावर त्याने ताट तेवढं पुढे केलं.