माझ्या हिरव्या दिव्याची चूक

मित्रांनो, मला पाहिलं की गावोगावची माणसं हटकून एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, ह्यो रेडिओ चालू हाय का?" रेडिओ! इतकी वर्षं हे ऐकतोय, तरी अजून राग येतो. मी रेडिओ नव्हे. मी कान तपासणारा ऑडिओमीटर आहे. जुना झालोय, पत्र्याचा निळा रंग कोपऱ्यांवर उडालाय, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. पण आहे तो ऑडिओमीटरच.

दक्षिणेतल्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथल्या एका बाईंनी माझा एकेक आवाज मोजून, पुन्हा मोजून लावला. माझ्या एका बटणाने आवाज जाड किंवा बारीक होतो, दुसऱ्याने मोठा किंवा हळू. समोरच्या माणसाच्या कानांवर माझा हेडफोन चढवायचा, लाल बाजू उजव्या कानावर, निळी डाव्या. मग एकेक आवाज सोडायचा आणि त्याला कुठपर्यंत ऐकू येतं ते कागदावर मांडायचं. आवाज सोडला की माझ्या कपाळावर एक हिरवा दिवा लागतो. तो तपासणाऱ्यासाठी असतो, आवाज गेला हे त्याला कळावं म्हणून. याच दिव्याने पुढे घात केला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

हिंगोली जिल्ह्यात आलो तेव्हा माझा थाट होता. जीपमध्ये मला मांडीवर घेऊन बसत. नरसी नामदेवला, कळमनुरीला, कुठे कुठे शिबिरं झाली! एका आजोबांच्या कानातून ज्वारीचा दाणा निघाला आणि ते सगळ्यांना सांगत सुटले की मशीनने काढला. मी तर त्या दाण्याला हातही लावला नव्हता, पण कौतुक कोणाला नको असतं? पुढे करोना आला, शिबिरं थांबली आणि माझी रवानगी शिक्षण विभागाच्या कार्यालयातल्या कपाटात झाली. अंगावर फायलींचे गठ्ठे पडले. माझी मापं वर्षातून एकदा तपासून जुळवावी लागतात, तेही सगळे विसरले.

मग एके दिवशी अचानक शिबिर ठरलं आणि मला धूळ झटकून बाहेर काढलं. तपासायला विजयकुमार नावाचा तरुण होता. पोरगा कामसू, पण एकटा. ऐंशी लेकरं रांगेत, आतल्या खोलीत पंखा बंद, म्हणून टेबल व्हरांड्यात लावलं. खरं तर लेकराला पाठमोरं बसवायचं असतं. विजयकुमारने घाईत सगळ्यांना माझ्या पुढ्यात बसवलं. आवाज आला की एक रिंग दांडीत टाकायची, असं तो हाताने करून दाखवायचा आणि पुढचं लेकरू घ्यायचा.

त्या रांगेत प्रतिक्षा होती. शिरड शहापूरच्या पलीकडच्या एका गावची, दुसरीतली, दोन वेण्या आणि त्यांच्या मधोमध भिरभिरणारे डोळे. मी हळू आवाज सोडला, तो तिच्या कानापर्यंत पोचलाच नाही. पण दिवा लागला आणि तिने टपकन रिंग टाकली. पुन्हा आवाज, पुन्हा दिवा, पुन्हा रिंग. तिला वाटलं, खेळच हा आहे! ती खोटं बोलत नव्हती. मी मात्र आतून तडफडत होतो. अरे विजयकुमार, तिच्या डोळ्यांकडे बघ ना! पण मला फक्त शिट्ट्या वाजवता येतात, बोलता येत नाही. "शाब्बास!" म्हणत त्याने कागदावर लिहिलं, दोन्ही कान चांगले.

त्या एका ओळीने पुढचं सगळं बिघडलं. प्रतिक्षा वर्गात उत्तर देत नव्हती, नुसती शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. कान चांगले आहेत म्हटल्यावर गुरुजींनी निष्कर्ष काढला की दोष बुद्धीत आहे. तिला दूरच्या शहरातल्या, मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत घालायचं ठरलं. ती शाळा वाईट नव्हती हो. ज्या लेकरांना तशी शिकवण लागते त्यांना तिचा केवढा आधार असतो. पण प्रतिक्षाची अडचण ती नव्हतीच. आणि गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी तिचे वडील तिला तिथे नेऊन सोडणार होते.

आमच्या कार्यालयात संध्याताई विशेष शिक्षिका आहेत. गावोगावच्या शाळांत जाऊन, ज्या लेकरांना शिकताना जास्तीची मदत लागते त्यांच्याबरोबर त्या बसतात. बोलायला मऊ, पण एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की घोरपडीसारख्या चिकटतात. प्रतिक्षाच्या वर्गात त्यांनी तिच्या मागे किल्ल्यांचा जुडगा पाडला. सगळा वर्ग वळला, प्रतिक्षा वळली नाही. संध्याताईंनी कागद काढून पाहिला. कान चांगले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि मला टेबलावर घेतलं. आमचे शिपाई प्रेमसिंग चहा घेऊन आले होते. त्यांना बटणापाशी बसवून ताईंनी हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला आणि त्या माझ्या पुढ्यात बसल्या.

"दाबा, मामा. एकदम हळू आवाजापासून."

मामांनी दाबलं. ताईंच्या कानात अजून काहीच आलं नव्हतं, पण माझा दिवा त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख लागला.

"अगं बाई!" त्या ताडकन उठल्या. "मामा, पोरीनं दिवा बघितला! आवाज न्हाई, दिवा!"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. कोणीतरी एकदाचं ओळखलं!

पण ताईंनी उड्या मारल्या नाहीत. त्यांनी आधी रजा टाकली, मला नांदेडला नेलं आणि माझी सगळी मापं जुळवून आणली. विजयकुमारला फोन करून सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीची समदी लेकरं पुन्हा तपासू. मी येतो." चूक कबूल करायलाही हिंमत लागते, आणि ती त्याच्याकडे होती. पण सोमवार तीन दिवसांवर आला होता. संध्याताईंनी मला स्कूटीच्या पुढ्यात ठेवलं आणि आम्ही प्रतिक्षाच्या गावाला निघालो.

तिचे वडील तातेराव यांचा हळद पॉलिश करायचा धंदा. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवायची, म्हणजे साल निघून ती चकाकते. त्या ड्रमचा खडखडाट काय वर्णावा! हंगामात तो सकाळपासून चालतो. त्यामुळे त्या घरात सगळेच ओरडून बोलतात आणि हातवाऱ्यांनी काम सांगतात. ड्रम बंद असला तरी सवय जात नाही. "पोतं आण" म्हणताना बोट पोत्याकडे आणि आवाज थेट वेशीपर्यंत! अशा घरात प्रतिक्षाला सगळं कळायचं. म्हणून घरी कोणाला कधी शंकाच आली नाही.

"एकदा तपासलं ना? आता काहून?" तातेराव दारातूनच गरजले.

"तपासण्यात चूक झाली, दादा. परत बघू द्या."

"मॅडम, मला काय लेकरू जड झालं का? पन मी काय जलमभर पुरणार हाय? उद्या हिला कोन बघंल? तिथं राहून चार गोष्टी तरी शिकंल."

माणूस कठोर नव्हता, घाबरलेला होता. प्रतिक्षाची आई रूपाबाई चुलीपासून उठून आल्या आणि म्हणाल्या, "घंटाभर तर लागंल. मोटर बंद करा." तातेराव नवऱ्याच्या तोऱ्यात काहीतरी पुटपुटले, पण मोटर बंद झाली.

आता शांत खोली कुठून आणायची? शेजारी गिरणी, पलीकडे रस्ता. ताईंनी घर फिरून पाहिलं आणि हळदीची कोठी निवडली. छतापर्यंत भरलेल्या पोत्यांनी बाहेरचा सगळा आवाज गिळला होता. शहरातल्या भारी दवाखान्यातही मी इतकी चांगली खोली क्वचित पाहिली. रिंगा आणल्या नव्हत्या, म्हणून रूपाबाईंनी सूपभर हळकुंडं दिली. आवाज आला की एक हळकुंड डब्यात टाकायचं.

ताईंनी प्रतिक्षाला पाठमोरी बसवलं. तिने दोनदा मान वळवून मला शोधलं, तिचा दिवा कुठे गेला म्हणून! ताईंनी हसून तिचं तोंड हळूच भिंतीकडे केलं. मग मी मोठा आवाज सोडला. हळकुंड पडलं. त्याहून हळू. पडलं. आणखी हळू. प्रतिक्षा हातात हळकुंड धरून तशीच बसून राहिली. माझा दिवा लागत होता, विझत होता आणि ती भिंतीकडे बघत होती. दोन्ही कानांची तीच गत. ताईंनी कागदावर लाल गोल आणि निळ्या फुल्या मांडल्या, सगळ्या खालच्या भागात; खूण जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं.

"हिला जवळून, मोठ्यानं बोललेलं तेवढं ऐकू येतं," ताई म्हणाल्या. "वर्गात गुरुजी फळ्याकडं तोंड करून बोलतात, ते हिच्यापर्यंत पोचतच न्हाई. अन् बुद्धीचं म्हणाल, तर जिनं कुनी न सांगता दिव्यावरून खेळ ओळखला, ती मंद कशी असंल?"

रूपाबाईंनी पदर तोंडाला लावला. तातेराव मात्र ऐकेनात.

"ही मशीनच बिघडलेली असंल. घरात तर हिला बराबर ऐकू येतं. द्या इकडं, मी बसतो. मला कसं ऐकू येत न्हाई ते बघतोच!"

मला बिघडलेलं म्हणाले! माझी मापं नुकतीच जुळवली होती. पण बोलता कुठे येतं? ते ऐटीत बसले, पाठ माझ्याकडे. जाड आवाजांना हळकुंडं धडाधड पडली. "बघा!" म्हणत त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग ताईंनी बटण फिरवून आवाज बारीक केला आणि तातेरावांचा हात थांबला. ताईंनी आवाज वाढवला. हात हलेना. आणखी वाढवला. वीस वर्षं ड्रमशेजारी काढलेला तो माणूस मान ताठ ठेवून पुढच्या आवाजाची वाट पाहत होता, आणि आवाज केव्हाचा वाजत होता.

"दाबा ना मॅडम," ते म्हणाले.

ताईंनी हेडफोन काढून रूपाबाईंच्या कानांवर ठेवला. रूपाबाई दचकल्याच.

"अय्या! केवढ्यानं वाजून राहिलं हे! तुमाला येत न्हाई?"

तातेराव कधी बायकोकडे, कधी माझ्याकडे बघत होते. "म्हंजे मला बी..." ते इतक्या हळू म्हणाले की बहुधा त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नसेल.

"तुमाला ऐकू यावं म्हून तर समदं घर वरडतं," रूपाबाई म्हणाल्या. "ड्रमचं निमित्त हाय नुसतं. अन् त्या वरडन्यातच लेकराला ऐकू येत राहिलं. कुनाच्या ध्यानात यावं मग?"

तातेरावांनी लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्या हिला लांब टाकायला निघालो होतो," म्हणाले, "अन् बहिरा मीच." ते रडले. एवढा दणकट माणूस, पण अगदी मनापासून रडला. मग डोळे पुसून त्यांनी फोन काढला आणि आम्ही येणार नाही, असं त्या निवासी शाळेला स्वतःच कळवलं.

त्यानंतरही सगळं लगेच सोपं झालं नाही. सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या. संध्याताई प्रत्येक खेपेला सोबत गेल्या. प्रतिक्षाच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसली. पहिले काही दिवस तिला भांड्यांचा आवाज सहन होईना, ती यंत्रं काढून फडताळात लपवायची. ताई आठवड्यातून दोनदा येऊन तिला एकेक आवाज ओळखायला शिकवत. गुरुजींनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि वर्गाकडे तोंड करून बोलायची सवय लावून घेतली. या वयात सवय बदलली, याबद्दल त्यांनाही शाबासकी द्यायला हवी. विजयकुमारने शब्द पाळला. शिबिरातली ऐंशीच्या ऐंशी लेकरं आम्ही पुन्हा तपासली, सगळी पाठमोरी बसवून. आणखी दोघं सापडली.

तातेरावांना मात्र यंत्र लावायची लाज वाटायची. लेकीला चालतं, बापाला नको!

दिवाळीनंतर आम्ही तपासणीला गेलो. तातेराव अंगणातून नेहमीसारखे गरजले, "ए प्रतिक्षाऽऽ! मॅडमला पानी आण!" प्रतिक्षा पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी बापाचा चेहरा स्वतःकडे वळवला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा, वरडू नका. मला ऐकू येतं. आता तुमी लावा."

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघं मिळून दवाखान्यात गेले.

तर मित्रांनो, मी आता फार वर्षं टिकेन असं नाही. पण जोवर माझा आवाज निघतो तोवर मला कपाटात ठेवू नका. वर्षातून एकदा माझी मापं जुळवून घ्या. तुमच्या वर्गात कोणी उत्तर देत नसेल, घरात कोणी हाक मारल्यावर वळत नसेल, मग ते लेकरू असो की म्हातारं माणूस, तर त्याच्या डोक्याकडे बोट दाखवून हसू नका. त्याला आधी माझ्यासारख्या यंत्रापाशी घेऊन या. आणि कागदावर काहीही लिहिलेलं असलं, तरी एकदा त्या माणसाच्या डोळ्यांकडे नीट बघा.