रंगाऱ्याच्या खाटेशेजारी

मित्रांनो, दवाखान्यात खाटेशेजारच्या दांड्याला टांगलेला, बोटानं चालणारा मी एक जुना छोटा टीव्ही आहे. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीशी माझी गल्लत करू नका. तो सगळ्यांना एकच दाखवतो, मी ज्याला जे आवडतं ते दाखवतो. रुग्ण आला की सिस्टर त्याची आवड विचारून माझ्यात भरतात. एके काळी माझं फार कौतुक होतं आणि मीही ताठ्यात असे.

तो ताठा एका रंगाऱ्यानं उतरवला. आजारपणात त्याचा उजवा हात पार दुबळा झाला होता. डॉक्टर बजावत, "हात हलवा, तरच सुधारेल." पण तो हटून बसला होता. "हा हात गेला. आता कसला ब्रश धरतोय मी!"

त्याची आवड बायकोनं सांगितली होती, कुस्ती. मी जीव तोडून कुस्त्या दाखवल्या. तो नुसता बघायचा. हात चादरीवर तसाच.

एका दुपारी सिस्टरनी मला त्याच्या मांडीपर्यंत खाली ओढलं आणि घाईत चुकीचं बटण दाबलं. त्या खाटेवर आधी असलेल्या छोट्या मुलीचा चित्र रंगवायचा खेळ सुरू झाला. अर्धवट रंगवलेलं घर, भिंतीचा निळा रंग छपरावर गेलेला. रंगाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कोणी केलंय हे? कड तरी सांभाळायची!"

डाव्या हातात सलाईनची सुई होती. चिडून त्यानं बोट माझ्यावर टेकवलं आणि कड नीट करू लागला. शेजारी खुर्चीवर बसलेली बायको एकदम पुढे झुकली.

"अहो..."

"थांब गं, मध्येच बोलू नकोस."

"अहो, कोणत्या हातानं रंगवताय?"

त्यानं खाली पाहिलं. उजव्या हाताचं बोट माझ्या काचेवर होतं. त्याचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं. मग तो म्हणाला, "सिस्टरना सांग, दार रंगवायचं राहिलंय. ते उद्या. तोवर कोणी बोट लावायचं नाही."

आता माझी काच तडकली आहे. सामानाच्या खोलीत मी धूळ खात पडलो आहे. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मला लावून दिलं की रुग्णांचे घरचे म्हणत, "रमले ते, चला निघू या." मित्रांनो, तसं करू नका. खाटेजवळची खुर्ची माझ्या भरवशावर रिकामी ठेवू नका. ते बोट हललं हे सगळ्यांत आधी मला कळलं होतं, पण मला सांगता कुठे येतं? ती जवळ बसली होती, म्हणून त्याला कळलं.